नोट नको, काम सांगा

परवा आमच्या सोसायटीच्या पाण्याची मोटार जळाली. एप्रिल लागला की जळतेच. खालच्या टाकीत पाणी नसतं, मोटार कोरडीच फिरत राहते आणि मग एका सकाळी जिन्यात तो वास येतो. सेक्रेटरींनी लिफ्टजवळ फलक लावला, 'मोटार जळाली आहे. वारंवार चौकशी करू नये.' लोक नाकाला रुमाल लावून खाली उतरत होते. मी मात्र मधल्याच पायरीवर थांबले. करपट, थोडा गोडसर, घशात चिकटून बसणारा वास. जळलेलं असो की ताजं, वार्निश ते वार्निश. माझ्या आईच्या पदराला हाच वास होता. आईच्या पदराला फोडणीचा नाहीतर उदबत्तीचा वास असतो असं शाळेच्या पुस्तकात वाचलं होतं. माझ्या आईच्या पदराला वार्निशचा होता, आणि त्यात मला कधी काही उणं वाटलं नाही.

ऑफिसला उशीर होणार होता. होऊ दिला.

लोकांचा एप्रिल आंब्याचा असतो, सुट्टीचा असतो, गावाला जाण्याचा असतो. आमचा एप्रिल जयंतीचा. आमच्याकडे जयंती म्हटल्यावर कोणाची, हे कोणी विचारत नाही. मार्च संपता संपता कालव्याकाठच्या आमच्या वस्तीत बांबू यायचे. घरांच्या चौकटींना निळा रंग लागायचा, तो उरला की नळाच्या कठड्याला, त्यातूनही उरला की कोणाच्या तरी सायकलला. स्वारगेटकडून एसट्यांचे हॉर्न यायचे, कालव्याला पाणी सोडलेलं असलं की पोरं डुंबायची, आणि नसलं की जो वास यायचा त्याबद्दल न बोललेलंच बरं. भर दुपारी पत्र्याच्या घरात बसवत नसे. मग मी पुस्तकं घेऊन मांडवात जायची. रात्रीच्या कार्यक्रमाचं स्टेज दुपारी रिकामंच असायचं. ताडपत्रीची सावली, खाली फळ्या, आणि कर्ण्यांच्या रांगेखाली मी, मांडीवर कॉस्टिंगचं पुस्तक घेऊन. बी.कॉम.चं शेवटचं वर्ष होतं. आमच्या घरात पदवी ही वस्तू माझ्याआधी कोणी हातात धरलेली नव्हती. त्यामुळे ती कशी दिसते, किती जड असते, याचा कोणाला अंदाज नव्हता. मलाही नव्हता.

त्या वर्षीचा एप्रिल वेगळा होता, कारण त्या आधीच्या थंडीत कारखान्याचं गेट बंद झालं होतं.

स्वारगेटकडून कात्रजला जाताना सातारा रस्त्याच्या कडेला तो कारखाना होता. पंख्याच्या मोटारी व्हायच्या तिथे. आमच्या वस्तीतल्या बायका वाइंडिंग खात्यात होत्या. तांब्याची तार गुंडाळायची, कॉइल करायची, ती मोटारीच्या खाचांत बसवायची. सकाळी भोंगा झाला की या बायका कालव्याच्या बांधावरून एका ओळीत निघायच्या, डोक्याला तेल, हातात डबा, आणि चालण्यात एक रुबाब. माझी आजी दुसऱ्यांच्या अंगणात झाडू मारत आली होती. माझ्या आईला कारखान्याचा बिल्ला होता. ही मधली उडी किती मोठी होती ते ज्यांनी मारली त्यांनाच ठाऊक.

मग बाहेरून स्वस्त माल यायला लागला. देशाची दारं उघडली, असं पेपरात रोज यायचं. आमच्याकडे त्याच सुमाराला एक गेट बंद झालं. बायका काही दिवस सवयीने गेटपर्यंत जाऊन यायच्या. वॉचमन ओळखीचा होता, तो खुर्ची आत ओढून घ्यायचा, म्हणजे नजरेला नजर द्यायला नको. नंतर त्या जायच्या थांबल्या. मी कॉस्टिंगच्या पुस्तकात वाचत होते की मजुरी हा बदलता खर्च. उत्पादन थांबलं की तो खर्च थांबतो. वाक्य चुकीचं नव्हतं. फक्त त्या वाक्यात माझी आई होती, आणि ती समोरच्या ओट्यावर बसून उगाचच तांदूळ निवडत होती. एकदा निवडलेलेच परत.

लोचनमावशीही त्याच खात्यातली. म्हणजे वर्षाचे बाकीचे महिने. एप्रिल आणि मे मात्र ती 'लोचनाबाई आणि पार्टी' असायची. साठवलेल्या सगळ्या रजा ती या दिवसांत काढायची आणि गावोगावच्या जयंतीत गायला जायची. अंगाने ठेंगणी, आवाज मात्र असा की कर्ण्याची गरज नाही. गुलाबी नायलॉनची साडी, दोन्ही हातांत बांगड्या, आणि स्टेजवर चढताना चपला काढून ती आधी प्रतिमेला हात जोडायची, मग पेटीला, मग माइकला, आणि माइकला म्हणायची, "आज नीट वाग बाबा." ढोलकीवर तिचा नवरा, दशरथकाका. त्यांनी मोठ्याने काही बोललेलं मी ऐकलेलं नाही. मावशी म्हणायची, "आमच्या घरात बोलायचं खातं माझ्याकडं, वाजवायचं त्यांच्याकडं."

गायन पार्टीची एक रीत असते. कडवं आवडलं की माणूस पुढे येतो, स्टेजवर नोट ठेवतो आणि गायिकेच्या कानात आपलं नाव सांगतो. गायिका पेटी न थांबवता कडव्याच्या मध्येच ते नाव पुकारते. अमक्या गावचे अमके यांच्याकडून पार्टीला बक्षीस, पार्टी त्यांची आभारी आहे, आणि तिथूनच परत ओळ उचलते. नोटेपेक्षा नावाचं महत्त्व. आपलं नाव कर्ण्यातून चार गल्ल्यांत गेलं की माणूस जागेवर येऊन बसतो तेव्हा त्याची मान थोडी लांब झालेली असते. लोचनमावशी यात पटाईत होती. कितीही नावं मध्ये येऊ देत, ती ओळ जिथे सोडली तिथेच धरायची. कधी अक्षर सांडायचं नाही.

त्या वर्षी आमच्याच वस्तीत पहिला कार्यक्रम झाला. दिवेलागणीची वेळ, बायका पुढे सतरंजीवर, पुरुष मागे उभे. मावशीने नवीन पद केलं होतं, तिचं स्वतःचं.

हात रिकामे झाले तरी पदर पसरणार नाही,
बोटांना जे ठाऊक झालं ते मी विसरणार नाही.

या ओळीला पांढऱ्या शर्टातला एक माणूस पुढे आला. कंबरेच्या पट्ट्याला मोबाइल लावलेला. तेव्हा असा पट्टा बघायला पोरं गोळा व्हायची. हा ठेकेदार होता. गावाबाहेर कॉम्प्युटरच्या कंपन्यांच्या काचेच्या इमारती उठत होत्या, तिथे झाडलोटीला माणसं पुरवायचं काम याच्याकडे होतं. त्याने मोठी नोट ठेवली आणि कानात नुसतं नाव नाही, चांगली दोन-तीन वाक्यं सांगितली. पेटी वाजत राहिली. मावशीने ऐकून घेतलं, आणि माइकवर म्हणाली, "ठेकेदारसाहेब म्हणतात, वाइंडिंगच्या बायकांनी घरी बसू नये. काचेच्या इमारतीत झाडूचं काम हाय. उद्यापासून या म्हणतात."

 दशरथकाकांनी ढोलकी हळू केली.

"साहेब, तुमची नोट परत घ्या," मावशी म्हणाली. "झाडू मारायला आम्हाला लाज नाय. आमच्या आयांनी मारला म्हणून तर आम्ही शिकलो. पण तुम्हाला आमची वस्ती बघून झाडूच का आठवला, तेवढं सांगा. इथं बसलेल्या बायकांनी अख्ख्या पुण्याला वारा घातलाय. तुमच्या घरातला पंखा कोणी गुंडाळला, ते वर बघून विचारा एकदा."

ठेकेदार हसला. "गाणं छान म्हणता बाई. गाण्यानं चूल पेटती का?"

"तुमच्यानं तरी कुठं पेटती? तुम्ही नुसती राख भरायला बोलावताय." आणि तिने ओळ जिथे सोडली होती तिथूनच धरली. बोटांना जे ठाऊक झालं.

मी हे लिहिताना नीट सांगायला हवं. वस्तीतल्या दोघीजणी दुसऱ्या दिवशी त्या ठेकेदाराकडे गेल्या. घरात लहान मुलं होती, त्यांनी काय करायचं होतं? मावशीने त्यांना शब्दाने दुखवलं नाही. उलट त्यातल्या एकीचं मूल ती दिवसभर सांभाळायची. चिडायचं कोणावर हे तिला पक्कं माहीत होतं. आज मी स्वतः अशाच एका काचेच्या इमारतीत हिशेब खात्यात बसते. गळ्यात ओळखपत्र असतं. सकाळी लिफ्टसमोर फरशी पुसणाऱ्या बाई मला बघून बादली बाजूला घेतात तेव्हा मी त्यांचं नाव घेऊन बोलते. पुष्कळांना ते विचित्र वाटतं. वाटू दे.

त्या कार्यक्रमानंतरच्या दुपारी मी मांडवात वाचत होते, तर एकेक करून सगळं वाइंडिंग खातं तिथे येऊन बसलं. मावशीने बोलावलं होतं. म्हणाली, "या मोसमात पार्टी बक्षीस घेणार नाय. नोट घेऊन आला की मी सांगणार, नोट नको, काम सांगा. आणि नावं पुकारायची ती तुमची. कोण, काय काम येतं, किती वर्षं केलं. पुण्यात जिथं जिथं माझा कार्यक्रम, तिथं तुम्ही पुढं बसायचं आणि नाव घेतलं की उभं राहायचं."

"आणि पार्टीनं खायचं काय?" बँजोवाला म्हणाला.

"सुपारीचे येतील तेवढ्यात भागवायचं. नाय भागलं तर तू दुसरी पार्टी बघ. राग नाय माझा."

त्याने खरंच दुसरी पार्टी बघितली. तो मोसम मावशी बँजोशिवाय गायली.

पण बँजोपेक्षा मोठी अडचण नावांची होती. बक्षिसात पुकारलं जायचं ते कायम पुरुषांचं नाव. बायकांची नावं माइकवर? कर्ण्यातून? खात्यातल्या सिंधूकाकूंचा नवरा ओट्यावर येऊन म्हणाला, "माझ्या बायकोचं नाव चारचौघांत घ्यायचं नाय." मावशी म्हणाली, "बरं. तुमचं घेते. अमक्यांच्या कुटुंबाला काम पाहिजे, कारण अमके बसून खातात." तो निघून गेला. सिंधूकाकू तोंडात पदर धरून हसत होत्या. माझी आईही म्हणाली, "लोचने, मला नको गं उभं करू. मला भर मांडवात घाम फुटंल." वर्षानुवर्षं मशीनसमोर बसलेली बाई, पण चार माणसांत उभं राहायचं म्हटलं की ती मागच्या रांगेत सरकायची.

कात्रजचा कार्यक्रम मला अजून दिसतो. मागे घाटाची काळी कड, रस्त्यावर दुधाच्या गाड्या, आणि वारा असा की निळ्या पताका फडफडून तुटतील. माझा दुसऱ्या दिवशी पेपर नव्हता म्हणून मी गेले होते. मंडळाच्या पोरांनी आधीच कुरकुर केली. एकजण म्हणाला, "मावशी, हा जयंतीचा कार्यक्रम आहे. नोकरी लावायचं ऑफिस नाही."

"मग जयंती कशाला करता रे? केक कापायला?" मावशी पेटीचा भाता उघडत म्हणाली. "शिका म्हणाले, शिकलो. कामाला लागा म्हणाले, लागलो. आता काम गेलं तर ते कुठं सांगायचं, लग्नाच्या मांडवात?"

ती गायला लागली. माणसं नोटा घेऊन येऊ लागली आणि ती हात जोडून परत पाठवू लागली. "नोट नको दादा, काम सांगा." लोकांना आधी गंमत वाटली. मग ती कडव्यात थांबली आणि नावं घेऊ लागली. सिंधू कांबळे, कॉइल गुंडाळतात. उभ्या राहा सिंधूताई. सिंधूकाकू उभ्या राहिल्या. रखमा साळवे, खाचेत कागद घालतात. त्या उभ्या राहिल्या. मग म्हणाली, शांता वाघमारे.

आई उठली नाही. मान खाली घालून सतरंजीचा धागा ओढत राहिली. ढोलकी फिरून फिरून समेवर येत होती. मावशी परत म्हणाली, शांता वाघमारे, यांच्या हातची कॉइल कधी परत आली नाही. तरी आई उठेना. तेवढ्यात पुरुषांच्या घोळक्यातून आवाज आला, "ऊठ की. तुझंच नाव हाय."

माझे वडील होते. मार्केट यार्डातून हमाली करून तसेच आले होते, खांद्यावर पोत्याचा भुसा. कार्यक्रमाला येतो म्हणून घरी काही बोललेले नव्हते.

आई उठली. पदर डोक्यावरून घेऊन उभी राहिली, आणि मग काय वाटलं कोण जाणे, तिने मान वर केली. मी आईला असं कधी पाहिलं नव्हतं. पदवीदान समारंभ मी नंतर पाहिला, टोप्या, झगे, टाळ्या. त्यातलं मला फारसं आठवत नाही. कात्रजच्या वाऱ्यात उभी असलेली आई आठवते.

आमच्या सोसायटीत हल्ली दर एप्रिलला चर्चा होते. कर्ण्यांचा त्रास होतो, मुलांच्या परीक्षा आहेत, या लोकांना काही समजतं की नाही. मी एकदा सांगितलं, "मी या कर्ण्यांखाली बसून बी.कॉम. केलं. पहिल्या वर्गात." एक बाई म्हणाल्या, "अहो, तुमचं वेगळं." मी म्हटलं, "माझं काही वेगळं नाही. तेच आहे." त्यानंतर माझ्यासमोर विषय निघत नाही. माझ्या मागे निघत असणार.

नावं पुकारण्याने लगेच काही झालं नाही, हेही सांगितलं पाहिजे. पत्ते पुष्कळ मिळाले. कोणी म्हणालं पापडाचं काम आहे, कोणी म्हणालं मुलं सांभाळायची आहेत. माणसं मनाने देत होती. मावशी सगळ्यांचे आभार मानायची आणि म्हणायची, "वाइंडिंगचं सांगा." आई घरी आली की वैतागायची. "ही बाई वेडी हाय. पापड तर पापड. सुजाताची परीक्षा झाली की तिलाच कुठंतरी चिकटवावं लागंल." मी पुस्तकातून मान वर करायची नाही. भीती वाटायची. पदवी हातात यायच्या आतच मी कुठल्यातरी दुकानात कापडाच्या घड्या घालत असेन असं दिसायचं. पण पापडाला मावशी नाही म्हणत होती त्याचा मला रागही यायचा आणि आतून बरंही वाटायचं. दोन्ही एकदम.

मग धायरीचा कार्यक्रम. धायरी तेव्हा धड गाव नव्हतं, धड शहर नव्हतं. ज्वारीची वावरं आणि मध्येच पत्र्याच्या शेड. त्या वर्षी विहिरी आटल्या होत्या, बोअरला पाणी नव्हतं, आणि लोक पंप चालू ठेवून वाट बघत बसायचे. मोटारी धडाधड जळत होत्या. जळक्या मोटारी नव्या तारेने बांधून देणाऱ्या शेडवाल्यांकडे ढीग लागले होते. त्यातलेच एक पोकळेशेठ. शेठ म्हणजे काय, अंगात ऑइलने काळा झालेला बनियन आणि मनगटावर सोन्याचं घड्याळ. नावं पुकारून झाल्यावर ते स्टेजजवळ आले. हात रिकामा होता.

"बाई, नोट आणली नाय. पण माझ्याकडं जळक्या मोटारींचा ढीग पडलाय. माझा कारागीर पळाला. दोघीजणी द्या."

"दोघी कशाला, सगळ्या घ्या," मावशी माइकवरच म्हणाली. मांडव हसला.

"सगळ्यांना बसवू कुठं? माझ्या डोक्यावर? आणि हे पंखे नव्हं, पंप हायत. बायकांना झेपंल का ते आधी बघू."

"झेपंल का ते बघायला दोघी नेताय, आणि झेपल्यावर?"

"झेपल्यावर बघू म्हणलो ना बाई. आता पुढचं गाणं म्हणा, लोक खोळंबल्यात."

सगळ्यात भराभर हात चालणाऱ्या दोघी म्हणून आई आणि सिंधूकाकू गेल्या. स्वारगेटहून बस धरून, डब्यात भाकरी घेऊन, डोक्याला तेल लावून. मी त्या दिवशी पेपर लिहून आले आणि घरी वाट बघत बसले. आई परत आली आणि सरळ डबा घासायला बसली. मग सिंधूकाकू आल्या आणि हसू आवरेना म्हणून भिंतीला टेकल्या, तेव्हा कळलं.

झालं असं, की दोघींनी सकाळपासून कॉइल गुंडाळल्या. तार पंख्याच्या तारेपेक्षा जाड, पण हाताला वळण लागलं. अशा सुबक कॉइल की पोकळेशेठ जाता-येता बघून खूश. दुपारपर्यंत कॉइलचा डोंगर झाला. मग शेठ म्हणाले, "आता बसवा मोटारीत."

आई म्हणाली, "ते पुढचं टेबल करतं."

"कुठलं पुढचं टेबल?"

"आमच्या पुढचं. आम्ही गुंडाळायचं, ते बसवायचं. त्याच्या पुढचं दोऱ्यानं बांधायचं. त्याच्या पुढचं वार्निशचं."

"आणि ते टेबल कुठाय?"

सिंधूकाकू म्हणाल्या, "वस्तीत बसलंय."

पंधरा-वीस वर्षं कारखान्यात काढलेल्या बायका, पण एकीलाही पूर्ण मोटार बांधता येत नव्हती. कारखान्यातली रीतच तशी होती. एकीने एकच करायचं, आणि ते इतकं करायचं की डोळे मिटून व्हावं. समोरची काय करते ते बघायला मान वर केली तर सुपरवायझर ओरडायचा. त्यामुळे दोघीही कॉइल करून पुढच्या टेबलाची वाट बघत बसल्या होत्या. सवयीने. समोर टेबल नाही हे त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं.

आई म्हणाली, "गेलं. उद्या येऊ नका म्हणाला." आणि चुलीकडे तोंड करून बसली.

मावशी हे ऐकून हसली नाही. तिने फक्त विचारलं, "कॉइल चांगल्या झाल्या होत्या?"

"झाल्या होत्या की."

"मग झालं. सकाळी सगळ्या तयार राहा."

सकाळी अख्खं वाइंडिंग खातं बसमध्ये चढलं. माझे दोन पेपर झाले होते आणि मधे सुट्टी होती, म्हणून मीही. कंडक्टर म्हणाला, "कुठली वरात?" मावशी म्हणाली, "मोटारीची. नवरा धायरीला हाय." धायरीच्या फाट्यावर उतरून आम्ही धुळीच्या रस्त्याने चालत गेलो, कालव्याच्या बांधावर जायच्या तशा एका ओळीत. पोकळेशेठ शेडच्या दारात दात घासत उभे होते. एवढ्या बायका बघून त्यांनी मशेरी थुंकली.

"बाई, हे काय? मी दोघींनाच सांगितलं होतं, त्यांनासुद्धा नको म्हणालो."

"दोघी म्हणजे अर्धी मोटार," मावशी म्हणाली. "अर्धी मोटार नेली आणि फिरत नाय म्हणून बोंबलत बसला. ही अख्खी आणलीय. भाग सुटे दिसत्यात, आत घेऊन जोडून बघा."

"आणि सगळ्यांचा पगार?"

"तुमच्या एकट्याच्या ढिगावर नाय भागणार, मला कळतं. शेजारच्या शेडचे ढीग पण इथंच आणा. ते मी बघते. तुम्ही फळ्या टाका."

फळ्या टाकल्या गेल्या. कागदवाल्या बायका, मग कॉइलवाल्या, मग बसवणाऱ्या, मग दोऱ्याच्या. कोणी कोणाला सांगितलं नाही, प्रत्येकजणी आपल्या जागी जाऊन बसली. मधे एक जागा रिकामी राहिली, ती ठेकेदाराकडे गेलेल्या एकीची. मावशीने साडी खोचली आणि त्या जागी बसली.

वैशाखी पौर्णिमेला धायरीतच परत कार्यक्रम झाला, आणि मावशीने माइकवरून सांगितलं की ज्याची मोटार जळाली असेल त्याने पोकळेशेठच्या शेडला आणून टाकावी, वाइंडिंग खातं तिथे बसलंय. नोटांऐवजी लोक मोटारी घेऊन यायला लागले. कोणी सायकलला बांधून, कोणी बैलगाडीत. ठेकेदार एकदा रस्त्याने जाताना थांबला म्हणे. आत बघितलं आणि म्हणाला, "चाललंय पाऊस पडेपर्यंत." मावशी म्हणाली, "तुम्ही पावसात या परत. चहा पाजते."

पण भीती सगळ्यांनाच तीच होती. पाऊस पडला, विहिरी भरल्या, की पंप जळायचे थांबणार. ढीग संपणार. घरी आई रोज वर आभाळाकडे बघायची आणि तिच्या तोंडावर काय आहे ते कळायचं नाही. शेतकऱ्यांसारखं नाही, उलटं. ढग आले की तिचा चेहरा उतरायचा. मी परीक्षा देऊन मोकळी झाले होते. दुकानातल्या नोकरीचा विषय घरात निघाला नव्हता, पण तो दाराबाहेर उभा होता.

माझा निकाल लागला तेव्हा पावसाळा जोरात होता. कॉलेजच्या भिंतीवर नंबर बघितला, पुन्हा बघितला, आणि घरी न जाता तडक धायरीची बस धरली. आईला सांगायचं होतं. मनात धाकधूकही होती, कारण शेडवर शांतता असेल तर काय बोलायचं? मी पास झाले आणि तू परत घरी, हे एकाच दिवशी कसं सांगायचं? फाट्यापासून चिखल तुडवत गेले. लांबून बघितलं तर दारात मोटारींचा ढीग नव्हता. एकही मोटार नव्हती. माझा पाय तिथेच थांबला.

आत गेले. पंख्यांच्या मोटारी होत्या. शेड भरून. पोकळेशेठने आणि मावशीने मिळून पंखे दुरुस्त करणाऱ्या दुकानांचं काम धरलं होतं, जुनंच काम, बायकांच्या हातातलं. पंप संपायच्या आधीच. आईने घरी सांगितलं नव्हतं; ठरलंय असं वाटेपर्यंत बोलायचं नाही ही तिची पद्धत.

"आई," मी दारातून म्हटलं, "मी पास झाले. पहिला वर्ग."

आईने मान वर केली नाही. डावा हात तेवढा उचलला, तळवा माझ्याकडे. थांब. उजव्या हाताने तार फिरत होती आणि ओठ हलत होते. वेढे मोजताना बोलायचं नसतं, एक चुकला की कॉइल गेली. सिंधूकाकूंचे ओठ हलत होते. बसवणाऱ्या बायकांची डोकी खाली होती. पत्र्यावर पाऊस वाजत होता आणि आत एकही माणूस बोलत नव्हतं. आमच्या घरातली पहिली पदवीधर चिखलाच्या पायांनी दारात उभी, आणि तिच्याकडे बघायला कोणालाही सवड नव्हती.

लोचनमावशीने, जिने अख्खा मोसम कर्ण्यातून नावं पुकारली, तिनेही आवाज केला नाही. खाचेत कागद सरकवता सरकवता पायाने एक स्टूल माझ्याकडे ढकललं आणि हळूच म्हणाली, "बस. मोजणी चालू हाय."

मी स्टूल ओढून त्यांच्याच ओळीत बसले. इतका मान माझा नंतर कोणी केला नाही.